पाकीट, पेटी आणि पासवर्ड

ई-निविदा हा विषय रुक्ष वाटेल. पण सरकार आपल्याच पैशातून रस्ता, औषधं, शाळेची बाकं विकत घेतं. तो व्यवहार आपल्याला दिसतो का, हा प्रश्न काही रुक्ष नाही.

जुनी पद्धत तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात निविदा सूचना. मग कार्यालयात जाऊन कोरा फॉर्म विकत घ्यायचा, अनामत रक्कम भरायची आणि मोहोरबंद पाकीट पेटीत टाकायचं. कागदावर सगळं चोख. पण फॉर्म कोणी नेले हे बाहेर कळायचं. नावं कळली की कंत्राटदारांची ‘रिंग’ व्हायची. हे काम तुझं, पुढचं माझं. बाकीच्यांनी मुद्दाम चढे दर भरायचे. जो ऐकणार नाही, त्याला पेटीपर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. याला आपण ‘टेंडर मॅनेज करणं’ म्हणतो.

२००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, डिजिटल सहीला मान्यता मिळाली. २००३ मध्ये आंध्र प्रदेशाने ई-खरेदी सुरू केली. आता फॉर्म घरबसल्या उतरवून घेता येऊ लागला आणि स्पर्धेत कोण आहे हे आधी कळायची सोय कमी झाली. पुढे एकेक करत इतर राज्यंही या वाटेने गेली. केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘जेम’ ही सरकारी बाजारपेठ उघडली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आपली जुनी खरेदी यंत्रणा, डीजीएसअँडडी, बंद केली.

मग फरक काय पडला? भारत आणि इंडोनेशियातल्या कामांवर अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्यांनी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते तपासले. सरकारला पडणारी किंमत कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही. मात्र भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारला, इंडोनेशियात कामांचा विलंब घटला. बाहेरच्या भागातल्या कंत्राटदारांना कामं मिळण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणजे लाभ झाला तो दार मोकळं झाल्याचा. पैसे वाचल्याचा नव्हे.

आता गंमत बघा. आपण सरसकट ‘पारदर्शकता’ म्हणतो. पण निविदेत गुप्तताही लागते. दर उघडण्याच्या क्षणापर्यंत ते कोणालाच कळता कामा नयेत आणि त्यानंतर सगळ्यांना कळले पाहिजेत. क्रम उलटला की घात होतो. २०१८ मध्ये मध्य प्रदेशात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. जलनिगमाच्या ई-निविदांमध्ये फेरफार झाल्याचं समोर आलं, निविदा रद्द कराव्या लागल्या, २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला. आरोप असा की प्रणालीत शिरून दर बदलले गेले. कोर्टात दोष कोणाचा ठरतो हा भाग वेगळा. पण पूर्वी पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक असायचं; आज पासवर्ड कोणाकडे आहे हे आपण विचारतसुद्धा नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये एक कसोटी सांगितली. इतरांच्या हक्कांशी संबंधित कृतीमागचं सूत्र जाहीर केल्यावर टिकत नसेल, तर ती कृती अन्याय्य. ही कसोटी पात्रतेच्या अटींना लावून पाहा. एकाच कंत्राटदाराच्या मापाने शिवलेली अट पोर्टलवर सगळ्यांना दिसते. पण ती ‘का घातली’ हे कुठेच दिसत नाही. तसंच काम दिल्यानंतरचं. मोजमाप पुस्तिकेत किती खडी लिहिली आणि रस्त्यावर किती पडली, हे निविदेचं पोर्टल सांगणार नाही.

त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार आहे. संगणकाने निविदेचं दार उघडलं, हे मोठंच काम झालं. अटीमागचं कारण मागणं आणि मोजमाप पुस्तिका काढून बघणं, हे मात्र आपल्याकडेच राहिलं आहे.