इटियाडोह भरला, पण मासोळी कोणाची?

इटियाडोह ओव्हरफ्लो झाला की आपल्या वडशात पहिला प्रश्न असतो, गाढवीला पूर आला का, रस्ते बंद झाले का? दुसरा प्रश्न धानाचा. मासोळीचा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

आपल्या झाडीपट्टीत पाणी अडवण्याची परंपरा जुनी आहे. जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत सांगतात. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात ते नाव आजही आहे. कोहळ्यांनी तलाव बांधले, ढिवरांनी त्यात जाळं टाकलं. पहिल्या पावसात नदीतल्या मासोळ्या नाल्यानं वर चढायच्या, बांधीत, बोडीत अंडी घालायच्या. मरळ, मागूर, बाम आपोआप यायचे. बीज विकत घ्यावं लागत नव्हतं.

1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. पूर्व विदर्भात असे हजारो मामा तलाव आहेत. मालक बदलला, पण गाळ कोण काढणार, पाळ कोण बांधणार, हे ठरलंच नाही. बेशरम मात्र माजली.

मग मोठी धरणं आली. गाढवीवर गोठणगावजवळ इटियाडोह झालं. आज धरण गोंदिया जिल्ह्यात आणि कालव्याचं पाणी आपल्या बांधीत. धान वाढलं, हे खरंच. पण भिंत आडवी आली की मासोळीची चढण थांबते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचं प्रजनन यशस्वी केलं. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे तोवर बीज नदीतून गोळा करावं लागे. या शोधानं देशाचं मत्स्योत्पादन वाढलं. आपल्याकडे मात्र मासोळी 'पीक' झाली. दरवर्षी बीज विकत आणा, ठेका भरा, मग जाळं टाका. पाणी पाटबंधारे खात्याचं, ठेका मत्स्य विभागाचा, जोखीम ढिवराची.

ठेका संस्थेच्या नावानं असतो. पण ठेक्याला आणि बीजाला पैसा कोण लावतो, हे प्रत्येकानं आपल्या गावात विचारून पाहावं. ज्याचा पैसा, त्याचाच भाव.

2006 चा वनहक्क कायदा जंगलात राहणाऱ्यांचा पाण्यातल्या मासोळीवरचा सामूहिक हक्क मान्य करतो, कलम 3 मध्येच. तेंदू-बांबूसाठी आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामसभा लढल्या, जिंकल्या. बोडीतल्या मासोळीसाठी ग्रामसभेत विषय कधी येणार?

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या तलावाचा ठेका कोणाकडे, किती वर्षांचा, आणि देशी मासोळी परत येण्यासाठी नाला मोकळा आहे का? उत्तरं कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव टाका.