समोरच्या बाकावरची पिया

जुनेच बूट घाला. २७ मे १९८४, इंग्लंडमधलं लूटन, केनिलवर्थ रोडचं मैदान. इतका पाऊस झालाय की गवतापेक्षा चिखलच जास्त दिसतोय. तुमच्या आजूबाजूला अडीचेक हजार माणसं. बायकांच्या पहिल्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम फेरीचा हा दुसरा सामना, पण अर्धा खेळ पंचेचाळीस नव्हे, ३५ मिनिटांचा. बॉलही लहान, चार नंबरचा. बायकांना पूर्ण वेळ झेपणार नाही असं ठरवणाऱ्या साहेबांनी या राड्यात सत्तर मिनिटं पळून दाखवावं, असं तुम्हाला वाटून जातं.

काही दिवसांपूर्वी स्वीडनने गॉथेनबर्गला १-० ने बाजी मारली होती. आज त्याच फरकाने इंग्लंडने. म्हणजे पेनल्टी. बॉल ठेवायला येतेय ती २४ वर्षांची पिया सुंडहागे. गॉथेनबर्गचा हेडरही तिचाच. लहानपणी मुलींना संघ नव्हता, तेव्हा प्रशिक्षकाने तिला ‘पेल्ले’ नाव लावून मुलांमध्ये खेळवलं होतं. ती मारते, जाळं हलतं, ४-३. स्वीडन विजेता! इंग्लंडच्या संघातली सतरा वर्षांची होप पॉवेल नीट बघून ठेवा. पुढे तीही प्रशिक्षक होणार, इंग्लंडच्याच संघाची, पंधरा वर्षं.

आता २००७ च्या अखेरीला, अमेरिकेत. वर्ल्डकपच्या उपांत्य फेरीत ब्राझीलकडून चार गोल खाऊन आलेला संघ. त्या सामन्यात बसवून ठेवलेल्या गोलकीपर होप सोलोने उघड तोंड सोडलंय, मैत्रिणी तिच्याशी धड बोलत नाहीत. नव्या प्रशिक्षक पियाबाई पहिल्याच बैठकीत गिटार काढून बॉब डिलनचं गाणं म्हणतात. खेळाडू एकमेकींकडे बघतात: हे काय नवीन? पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला हरवून सुवर्ण. २०१२ ला वेम्बलीवर पुन्हा सुवर्ण, आणि बघायला ८०,२०३ माणसं. लूटन इथून फार लांब नाही.

पण मला विचाराल तर तिची खरी हुशारी २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये, ब्राझिलियात दिसते. आता ती स्वीडनची प्रशिक्षक, समोर तिनेच घडवलेली अमेरिका. तिचा संघ मागे दाटून उभा राहतो, बॉल खुशाल त्यांना देऊन टाकतो. १-१, मग पेनल्टी, पुन्हा ४-३! सोलो चिडून स्वीडनला भित्री म्हणते. जिंकता येत असेल तर भित्रं असलेलं चालतं, असं पियाचं उत्तर. त्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनला रौप्य मिळालं.

आणि शेवटी मनौस, २५ नोव्हेंबर २०२१. अ‍ॅमेझॉनकाठचा दमट उकाडा. पिया आता ब्राझीलच्या बाकावर. बीजिंगमध्ये पियाच्या अमेरिकी संघाने जिला रडवलं, त्या ब्राझीलच्या फोर्मिगाचा आज निरोपाचा सामना. समोर चक्क आपला भारत, आणि आपल्या बाकावर थॉमस डेनर्बी, ज्यांच्याकडून पियाने २०१२ ला स्वीडनचा संघ हाती घेतला. म्हणजे दोन्हीकडे स्वीडनचेच मास्तर. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलचा गोल. आठव्या मिनिटाला मनीषा कल्याण बॉल घेऊन सुसाट सुटते आणि बरोबरी करते. उठा, ओरडून घ्या, कारण ब्राझील अजून पाच मारणार आहे.