सोळा घरांचा ताल

तालाचा हिशेब कागदावर मांडता येतो, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी चिजा व ठेके मात्रांच्या हिशेबाने विभागांत बसवून छापले. समेला फुली, खालीला शून्य या खुणा त्यांच्या पुस्तकांनी दूरवर नेल्या. १९२६ मध्ये लखनौस निघालेल्या मॅरिस कॉलेजातून ही पद्धती उत्तर हिंदुस्थानात रुजली. परदेशांत तालयंत्रे घडली ती सर्वस्वी स्वतंत्रपणे. परंतु तेथेही अखेर घरेच आखली गेली, ही गोष्ट आम्हांस उद्बोधक वाटते.

१९५९ मध्ये अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने 'साइड मॅन' नावाची पेटी विक्रीस काढली. तिच्यातील फिरत्या यंत्रणेने विजेचे संपर्क जुळत आणि ठराविक नृत्यताल वाजत. गती वाढवली की लय वाढे. मात्र नवा ताल रचण्याची सोय तीत नव्हती. १९८० मध्ये जपानच्या रोलँड कंपनीच्या 'टीआर-८०८' या यंत्राने ती सोय पुष्कळ सुलभ केली. तांबड्या, नारिंगी, पिवळ्या व पांढऱ्या अशा चार-चारांच्या सोळा कळा तेथे एका ओळीत होत्या. वाद्य निवडावे, हव्या त्या कळा दाबाव्या, की त्या त्या जागी आघात पडे. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या साथीने दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. १९९७ मध्ये स्वीडनच्या 'रीबर्थ' व बेल्जियमच्या 'फ्रूटीलूप्स' या आज्ञावलींनी ही घरे संगणकाच्या पडद्यावर आणली.

तेथे त्रितालाचा ठेका मांडून पाहावा. सोळा मात्रांची सोळा घरे. 'ना' व 'तिं' या दायाच्या बोलांना एकेक ओळ, डग्ग्याच्या घुमाऱ्याला तिसरी. 'धा' साठी पहिल्या व तिसऱ्या ओळीतील घर भरावे, 'धिं' साठी दुसऱ्या व तिसऱ्या. दहाव्या व अकराव्या मात्रेला 'तिं तिं' येते. तेथे डग्ग्याची घरे मोकळी राहतात. गुरुजी हात उलटा करून जी खाली दाखवितात, ती येथे नवशिक्यास डोळ्यांनी दिसते.

तथापि घरे सारख्या मापाची असतात; वादकाचा हात तसा चालत नाही. ही उणीव यंत्रकारांनाही लवकरच कळली. अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८० च्या आपल्या 'एलएम-१' यंत्रात दर दुसरा सूक्ष्म आघात किंचित मागे सारण्याची योजना केली. आघात रेषेवरून जरासा हलला आणि ताल डोलू लागला. आधी घरे आखावी आणि मग त्यांतून थोडे बाहेर पडण्याची वाट शोधावी, असा हा सारा इतिहास आहे.

परप्रांतात बदलीवर असलेल्या आमच्यांतील गाणाऱ्यांस तबलजी मिळेलच असे नाही. त्यांनी संगणकावर ठेका लावून रियाज करावा. त्यात कमीपणा नाही, आणि लयही पक्की होईल. मात्र समेवर येताना गायक क्षणभर रेंगाळला, तर तबलजी त्यास सांभाळून घेतो. यंत्र पुढे निघून जाते. गायकाचे ऐकणे हे त्या सोळा घरांचे कामच नव्हे. म्हणून रजेवर गावी गेल्यावर अशा गायकाने चार दिवस तरी तबलजीसमोर बसावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.