पिंजऱ्यावरची अक्षरे

बोलणारे प्राणी मराठी मुलांना शिकवू लागले, त्याला आता दोन शतके होत आली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी १८२८ साली छापल्या गेल्या. त्यांतला कोल्हा का बोलतो, असे कोणी विचारीत नाही. गोष्ट संपते, तात्पर्य पाठ होते.

विज्ञानकथेत मात्र प्राण्याच्या शहाणपणाला कारण असते, आणि त्या कारणात माणूस गुंतलेला असतो. रॉबर्ट ओब्रायन यांच्या ‘मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम्ह’ (१९७१) या कादंबरीत दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. शेतातली विधवा उंदरीण आणि कावळा इसापच्या चालीने बोलतात; प्रयोगशाळेतले उंदीर मात्र इंजेक्शनांमुळे हुशार होऊन वाचायला शिकतात. १९७२ चे न्यूबेरी पदक या पुस्तकाला मिळाले.

‘निम्ह’ म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था. तिथे जॉन कॅल्हून खरोखरच उंदरांच्या गर्दीचा अभ्यास करीत. १९६८ साली सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगात चार जोड्यांचे सुमारे २,२०० उंदीर झाले; पुढे वीण थांबली आणि वसाहत संपली. कादंबरीमागे कॅल्हून यांच्या कामाची प्रेरणा होती, असे मानले जाते.

एका शाळेत सातवीच्या मुलांना ही गोष्ट मी मराठीतून सांगतो. शास्त्रज्ञ उंदरांना अक्षरे शिकवतात. पण पिंजऱ्याचे दार कसे उघडावे ही माणसांसाठी लिहिलेली सूचनाही ते वाचतील, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. उंदीर वाचतात आणि पळतात. इथे वर्ग हमखास टाळ्या वाजवतो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, मग त्यांना शिकवलंच कशाला?”

मला छत्र्यांचा काळ आठवला. शालेय पुस्तके छापून घेणाऱ्या इंग्रजी राजवटीला नीतिमान, कामाला येणारी प्रजा हवी होती. त्याच काळात इंग्रजी शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली. शिकवणाऱ्याचा हेतू अक्षरांना बांधून ठेवीत नाही.

तेव्हापासून या गोष्टीला मी तात्पर्य जोडत नाही. त्या मुलीचा प्रश्नच फळ्यावर लिहितो, आणि खाली बसतो.