शिशूची इंद्रियक्रीडा आणि गृहातील सुरक्षितता

जन्मापासून एक वर्षापर्यंतच्या बालकास येथे ‘शिशू’ म्हटले आहे. शिशूने स्वतःच्या क्रियेने पदार्थांचे रूप, नाद, स्पर्श, रस वा गंध अनुभवणे म्हणजे इंद्रियक्रीडा. दुसऱ्याने वाजवलेला खुळखुळा ऐकणे हे श्रवण. स्वतः हलवून त्यातून नाद काढणे ही क्रीडा.

क्रियेच्या प्रधान साधनानुसार इंद्रियक्रीडेच्या तीन अवस्था होतात.

(१) नेत्रप्रधान : पहिले सुमारे तीन महिने. नवजातास २० ते ३० सेंटिमीटरवरील वस्तू सर्वाधिक स्पष्ट दिसते. म्हणून मांडीवर घेणाऱ्याचा चेहरा हेच पहिले क्रीडासाहित्य होय.

(२) मुखप्रधान : सुमारे चौथ्या ते आठव्या महिन्यापर्यंत. मुठीत आलेली वस्तू मुखात जाते. ही खोड नव्हे, परीक्षणपद्धती आहे.

(३) चिमूटप्रधान : सुमारे नवव्या महिन्यापासून. अंगठा व तर्जनी यांनी जमिनीवरील दाणाही उचलता येतो.

नवी अवस्था पूर्वीच्या अवस्थेचा लोप करीत नाही, तिच्यात भर घालते. तिसऱ्या अवस्थेत सूक्ष्म वस्तू उचलण्याचे सामर्थ्य येते आणि ती मुखात घालण्याची प्रवृत्ती शिल्लक असते. सामर्थ्य वाढले की धोकाही वाढतो, तो यामुळे.

धोक्याचे चार प्रकार आहेत. (अ) आकारजन्य : शेंगदाणा, फुटाणा, मणी श्वासमार्ग रोधतात, बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर दाह घडवते. (आ) द्रव्यजन्य : शिसेयुक्त रंग विषारी असतो, मधातील जिवाणूबीजांमुळे या वयात बॉट्युलिझम होऊ शकतो, म्हणून रसानुभवासाठीही मध चाटवू नये. (इ) रूपजन्य : लांब दोरी गळ्याभोवती आवळते, प्लास्टिकची पिशवी नाकातोंडावर चिकटते. (ई) स्थानजन्य : उंच पलंगावरून शिशू पडतो, परातीतील काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतो.

यांवरील उपाय दोन : पूर्वयोजना, म्हणजे धोक्याची वस्तू आधीच वगळणे, आणि सान्निध्य, म्हणजे शिशूजवळ बसून लक्ष ठेवणे. पहिल्याचे कार्य दुसऱ्याने होत नाही. कारण श्वास पूर्ण कोंडलेला शिशू रडू शकत नाही, आणि क्षणभर नजर हटली तरी जवळच्यालाही ते कळत नाही. दुसऱ्याचे कार्यही पहिल्याने होत नाही. कारण पाण्याचा खेळ निवडला की पाणी वगळता येत नाही, तेथे हात पोहोचेल इतके जवळ बसणे हेच संरक्षण.

यावरून साहित्याचे लक्षण ठरते : मुखात मावणार नाही इतके मोठे, तुकडे वा रंग न सुटणारे, धाररहित व धुण्याजोगे. स्टीलची वाटी, गुळगुळीत लाकडी डाव, सुती रुमाल यांत हे लक्षण आढळते. जी वस्तू तोंडात घालू नये असे शिशूस बजावावे लागते, ती या वयाचे क्रीडासाहित्यच नव्हे.