मिस्कीन : एका शब्दाची उतरंड

गरीब, दीनवाणा या अर्थाचा ‘मिस्कीन’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. फारसीने तो अरबीतून घेतला, अरबीने आरामाईकमधून आणि आरामाईकने अक्कदीतून. बॅबिलोनच्या लेखांत तो ‘मुश्केनुम’ या रूपात भेटतो. म्हणजे त्याचे वय पावणेचार हजार वर्षांहून कमी नाही.

‘शुकेनुम’ म्हणजे लोटांगण घालणे. ‘मुश्केनुम’ म्हणजे लोटांगण घालणारा. कर्ता दाखवणारा हा ‘मु’ आपल्याला ‘मुसाफिर’, ‘मुलाजिम’ यांतून परिचित आहे, कारण अरबी आणि अक्कदी एकाच सेमिटिक कुळातल्या.

सुसा येथे १९०१-०२ साली सापडलेला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला हम्मुराबीचा शिलास्तंभ या शब्दाची किंमत रोकडीत सांगतो. तिथे समाजाचे तीन थर आहेत : अवीलुम, मुश्केनुम आणि वर्दुम, म्हणजे गुलाम. अवीलुमचा डोळा फोडणाऱ्या अवीलुमचा डोळा फोडावा; मुश्केनुमचा फोडला तर एक मीना, म्हणजे सुमारे अर्धा किलो, चांदी भरावी; गुलामाचा फोडला तर त्याच्या निम्म्या किमतीवर भागे. जीव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी वैद्याने अनुक्रमे दहा, पाच आणि दोन शेकेल घ्यावेत, असेही कलम आहे.

मुश्केनुम नेमका कोण, राजवाड्याचा आश्रित की सामान्य स्वतंत्र प्रजाजन, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो कंगाल मात्र नव्हता. त्याच्याकडे गुरे होती, गुलामही होते. पण ‘अवीलुम’चा साधा अर्थ ‘माणूस’. वरच्याने ‘माणूस’ हे नाव घेतले. खालच्याच्या वाट्याला वाकणे आले.

पुढे राजे गेले, कायदा गेला, लोटांगणाची आठवणही पुसली. अरबी कोशकारांनी ‘मिस्कीन’चा संबंध ‘स्थिर असणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला : दारिद्र्याने ज्याची हालचाल थांबवली तो. अरबीतून युरोपात गेलेल्या या शब्दाचा फ्रेंचमध्ये ‘मेस्कँ’ झाला. त्याचा अर्थ कोत्या मनाचा, क्षुद्र.

आधी माणसाला वाकवले, मग त्याला गरीब म्हटले, शेवटी त्याच्या मनालाच कोते ठरवले. शब्दाचा अर्थ असा पायरीपायरीने उतरत गेला. प्रत्येक पायरीवर वाकवणारा मात्र अर्थातून निसटला. व्युत्पत्ती शोधायची ती त्याला पुन्हा हजर करण्यासाठी.