आठबैली इंजिन

वऱ्हाडातल्या दारव्ह्यात मोटर भरून देणाऱ्या कोणत्याही दुकानात रब्बीच्या तोंडावर उभे राहा, हा संवाद कानावर पडतोच.

"भाऊ, तीनची काढून पाचची टाकतो म्हन्तो."

"टाका नं. पन केबल कोनती हाय? स्टार्टर झेपन का? अन् विहिरीत पानी किती ऱ्हायते?"

तीनची, पाचची, साडेसातची. कशाचे तीन आणि कशाचे पाच, हे कोणी विचारत नाही. सरकारही याच भाषेत बोलते. सौर कृषी पंप जमिनीच्या हिशेबाने ३, ५ किंवा ७.५ एचपीचा मिळतो. २०२४ च्या मोफत वीज योजनेची वेसही ७.५ एचपीवरच आखली आहे. या आकड्यामागे घोडा आहे, हे मात्र सगळे विसरून गेले आहेत.

घोडा आला तो इंग्लंडच्या खाणींतून आणि गिरण्यांतून. तिथे पाणी उपसायला, जाते फिरवायला घोडे जुंपत. थॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच आपल्या पाणी उपसण्याच्या यंत्राची तुलना घोड्यांशी केली होती. पुढे जेम्स वॅटला वाफेचे इंजिन विकायचे होते. गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता: किती घोडे वाचतील? १७८० च्या दशकात वॅटने हिशेब बसवला: एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एका घोड्याचे काम. मेट्रिक मापात, सेकंदाला ७५ किलो एक मीटर. विहिरीच्या भाषेत सांगायचे तर, दहा मीटरवरून सेकंदाला साडेसात लिटर पाणी. दिवसभर एवढा जोर लावणारा घोडा मिळणे कठीण, पण विक्रेत्याचे माप रूढ झाले. वऱ्हाडात मोट बैलांनी ओढली. वॅट इथे जन्मला असता तर आपण आज बैलशक्ती मोजत असतो.

हे घोडे आकाशात गेले तेव्हाही माप तेच राहिले. भारतात त्यांची वंशावळ बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टपासून लावता येते. कोल्हापूरकडच्या हसूरचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्यासाठी ठरलेले इंजिन होते १५५ घोड्यांचे, चार सिलिंडर एका ओळीत उलटे टांगलेले. पुढे काही एचटी-२ वर १६० घोड्यांचे लायकमिंग इंजिन बसवले. घोडे पाचच वाढले, पण घडण पार बदलली. आता सिलिंडर आडवे झाले, समोरासमोर, जोडीजोडीने.

१९५८ चे पुष्पक दोघांचे, ९० घोड्यांचे. तेच मोठे करून कृषक केले, तेव्हा घोडे २२५ पर्यंत चढले. नावाने कृषक, पण राबले लष्करासाठी, टेहळणीच्या कामावर. शेतावर औषध फवारण्यासाठी जे विमान झाले त्याचे नाव बसंत, म्हणजे एचए-३१. १९६९ च्या पहिल्या नमुन्याला रोल्स-रॉइस काँटिनेंटलचे २५० घोड्यांचे इंजिन होते. ते जमले नाही. ३० मार्च १९७२ ला दुसरे रूप उडाले, त्याला लायकमिंग आयओ-७२० बसवलेले, ४०० घोड्यांचे.

लहान विमानाच्या इंजिनाचा जोर वाढवायच्या वाटा मोजक्याच. एक, इंधन-हवेचे मिश्रण जास्त दाबायचे. लायकमिंगचे ३२० जातीचे इंजिन ७ ला १ दाबावर १५० घोडे देते, साडेआठ ला १ वर १६०. पण मग जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते, नाहीतर इंजिन ठोके देऊ लागते. दुसरी, फेऱ्या वाढवायच्या. इथे पंखा आडवा येतो. दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी फिरला तरी त्याचे टोक सेकंदाला २८३ मीटर धावते. त्यापुढे आवाजाचा वेग जवळ येतो, गोंगाट वाढतो आणि ओढ घटते. तिसरी, बाहेरची हवा पंप लावून आत कोंबायची. चौथी वाट सर्वांत जुनी आणि दारव्ह्याला सर्वांत ओळखीची: जोड्या वाढवायच्या.

बसंतच्या आयओ-७२० मधला ७२० हा आकडा आहे घनइंचांचा, म्हणजे जवळपास ११.८ लिटर. एकेक सिलिंडर ९० घनइंचांचा. चार सिलिंडर जुंपले की ३६०, सहा जुंपले की ५४०, आठ जुंपले की ७२०. चारांत २०० घोडे, आठांत ४००. काळ्या रानातला कुंदा उपटायला माणसे चारबैली, सहाबैली, आठबैली नांगर धरत, तोच हा हिशेब.

तरी नुसते घोडे वाढवून विमान दीडपट पळत नाही. हवेचा अडथळा तोडायला लागणारा जोर वेगाच्या घनाने वाढतो. बाकी सगळे तसेच ठेवून २५० चे ४०० केले, तर वेग जेमतेम १७ टक्के वाढेल. वाढीव जोराचा खरा उपयोग वर चढण्यात आणि ओझे नेण्यात. पण मोठे इंजिन जड असते, विमानाचा तोल नाकाकडे जातो, तेल-इंधन जास्त लागते. म्हणूनच बसंतमध्ये इंजिनाबरोबर आराखडाही नव्याने आखला आणि वैमानिकाची बैठक बदलली. १९८० पर्यंत अशी ३९ विमाने झाली.

उलट उदाहरण दारव्ह्याच्या दारातच आहे. शकुंतला रेल्वेचे झेडडी इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला घडले. सत्तर वर्षे ते वाफेवर राबले, आणि १५ एप्रिल १९९४ पासून डिझेल इंजिन आले. इंजिन नवे झाले, रूळ तेच अरुंद आणि जुने राहिले, म्हणून शकुंतला शेवटपर्यंत शकुंतलाच्याच चालीने चालली.

दुकानदार केबल आधी विचारतो तो यासाठीच. आठबैली नांगराची परीक्षा तासात होत नसे. तास सरळ निघतोच. परीक्षा धुऱ्यावर, जिथे चार जोड्या एका वेळी वळवायच्या. फवारणीच्या विमानाचेही तसेच. पिकावरून अगदी खालून सरळ उडणे त्यातल्या त्यात सोपे. धुऱ्यावरचे बाभळीचे झाड समोर आले, की टाकीतल्या औषधासकट वर उचलून वळावे लागते. वाढवलेले दीडशे घोडे लागतात ते तिथे.